न तुटलेला एक्सल

मे महिना अर्ध्यावर आला की आमच्या मनवेलपाड्याच्या इमारतीचा जिना सुक्या बोंबलांच्या वासाने भरून जातो. कोणाच्या ना कोणाच्या घरी आगोटीची भरणी चाललेली असते. पावसाळ्याच्या चार महिन्यांची सुकी मासळी, मिरच्या, चिंच, डाळी डब्यांत भरून ठेवायचे हे दिवस. माझी आई रत्नागिरीकडची, तिच्या तोंडी या दिवसांना आगोट हाच शब्द होता आणि वसईच्या कोळीवाड्यांतही तोच. यंदा तळमजल्यावर नव्याने राहायला आलेल्या जोडप्याने सोसायटीच्या फळ्यावर चिठ्ठी लावली : 'वासाचा त्रास होतो, कृपया दारे बंद ठेवावीत.' ती वाचली, वर आले, आणि दार बंद करून ओट्याशी बोंबील निवडायला बसले. दार बंद केल्यावर तर तो वास जास्तच माझ्या एकटीचा झाला.

कडक वाळलेल्या बोंबलाचं डोकं मोडताना एक कोरडा, तुटक आवाज होतो. दरवर्षी पहिल्या आवाजाला माझा हात जरासा थांबतो. मग मी पुढचा घेते. घरात कोणाच्या हे लक्षात येत नाही, आणि मीही कधी सांगितलेलं नाही.

नव्वदीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी तिशीच्या आतली, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. वसई पूर्वेला, वालीवच्या बाजूला, गिअर आणि शाफ्ट बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात ड्रॉइंग काढायचे आणि तयार मालाची मापं तपासायचे. वर पत्र्याचं छप्पर, खाली सात लेथ, आणि एप्रिल लागला की दुपारी सगळा कारखाना तव्यासारखा तापायचा. मशिनवरच्या तेलाचा वास केसांत बसायचा, तो रविवारी न्हायल्याशिवाय जात नसे. कारखान्यात बाई मी एकटीच. कामगार वाईट नव्हते, पण माप चुकलं असं मी म्हटलं की ते एकदा मालकांकडे बघून घ्यायचे. मग मालक मान हलवायचे, मग ते काम मागे घ्यायचे. तो एक क्षण मला रोज टोचायचा.

म्हणून दुमिंगकाका ज्या दुपारी आले आणि मालकांना ओलांडून सरळ माझ्या टेबलाशी उभे राहिले, ती दुपार मला फार आवडली होती. आवडली होती, हेही आता कबूल करायला हवं.

पन्नाशीतला माणूस, पांढरे खुंट वाढलेली दाढी, शर्टाच्या उघड्या गळ्यातून दिसणारा क्रूस, नखं कायमची काळी. पापडीला त्यांचं गॅरेज होतं. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबट, जड.

"गिअरांचा हिशेब लावतात त्या मॅडम तुमीच काय?"

"मी ड्रॉइंग काढते."

"तेच ते," असं म्हणून त्यांनी गोणपाट टेबलावर उलगडलं. आत एका एक्सलचे दोन तुकडे होते. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध डिफरन्शियलची पेटी असते. तिच्यातून चाकापर्यंत फिरण्याचा जोर नेणारा पोलादी दांडा म्हणजे एक्सल. त्याच्या टोकाला सरळ रेषेत खाचा असतात. या एक्सलच्या खाचा सरळ नव्हत्या. ओला टॉवेल पिळावा तसं ते टोक पिळवटलेलं होतं आणि पिळता पिळता एका जागी तुटलं होतं. पोलादाची अशी अवस्था मी पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती. हातात पहिल्यांदाच आली.

"दोन म्हयन्यांतला हा दुसरा," दुमिंगकाका म्हणाले. "नवा टाकला तर तोपन जानार. तुमी जरा चांगला बनवून द्या."

गाडी इजाबायची होती. इजाबाय म्हणजे पाचूबंदरची सुक्या मासळीची व्यापारी. वसईच्या किल्ल्याला लागून ते बंदर, आणि तिथल्या वाळूत बांबूंच्या उंच मांडवांवर, ज्यांना तिथे वलांडी म्हणतात, हजारो बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत असायचे. ते सुकले की इजाबाय गोणी भरून जव्हारच्या आठवडी बाजारात न्यायची. डोंगरातली माणसंही पावसाळ्याची भरणी करायची आणि तिची वाट बघायची. आगोटीच्या दीड-दोन महिन्यांत तिच्या वर्षाची निम्म्याहून जास्त विक्री व्हायची. गाडी चालवायचा तिचा धाकटा भाऊ पेद्रू. गाडी म्हणजे जुना डिझेल पिकअप. सपाटीवर बरा, पण जव्हारच्या घाटात भरल्या गोणींनिशी त्याचा जीव जायचा. मागून येणारी एसटी हॉर्न देऊन पुढे निघून जायची आणि ते पेद्रूला फार लागायचं.

तेव्हा दुमिंगकाकांनी भंगारात निघालेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन आणलं, टर्बोसकट, आणि पिकअपच्या पोटात बसवलं. पुढचा आडवा गज कापून मागे घ्यावा लागला, रेडिएटर पुढे सरकवावा लागला. इंजिनाला डिझेल किती द्यायचं ते ठरवणाऱ्या पंपाचा स्क्रू अर्धा फेरा उघडला, मग पेद्रूच्या आग्रहावरून आणखी अर्धा. हे सगळं सांगताना काकांचा चेहरा असा खुलला होता की तुटलेला एक्सल समोर आहे हे ते विसरूनच गेले. "पयल्या दिवशी मिठागरांच्या रस्त्याला काढली, मॅडम. पेद्रूनं पाय दिला आनि मी मागं आपटलो. गाव बघायला जमा झाला."

मग इंजिनाचा जोर गिअरपेटीकडे पोचवणारा क्लच घसरायला लागला. जुन्या क्लचला नव्या इंजिनाचा जोर धरवेना. काकांनी जास्त ताकदीच्या स्प्रिंगांचा क्लच टाकला. तो घट्ट धरू लागला. त्याचं पेडल इतकं जड झालं की पेद्रू म्हणायचा, "याला पाय नाय, खांब पायजे." आणि क्लच धरू लागल्यावर एक्सल तुटायला लागले.

मी त्यांना बसायला सांगितलं, चहा मागवला आणि कागद ओढला. इंजिन जे फिरवतं त्या जोराला आमच्या धंद्यात टॉर्क म्हणतात. मला त्यासाठी पीळ हा शब्द जास्त बरोबर वाटतो. इंजिनाने एक पीळ घातला, तर पहिल्या गिअरमध्ये तो चौपट होतो आणि पुढे डिफरन्शियलमध्ये आणखी पाचपट. म्हणजे चाकांपाशी वीस. त्यात चढावर थांबलेली भरली गाडी झटक्याने उचलली तर त्या वीसाचेही तीस-चाळीस होतात. मी हे बोलत होते आणि दुमिंगकाका माझ्या पेन्सिलीकडे बघत होते. लेथवरचे दोघे कामगारही मान वळवून ऐकत होते. इतकी वर्षं मी शिकलेलं कोणीतरी मला विचारायला आलं होतं.

एक्सलची जाडी वाढवता येत नव्हती, कारण तो ज्या भोकात बसतो ते ठरलेलं. म्हणून पोलाद बदलायचं ठरवलं. निकेल-क्रोमचं घेतलं. जिथे खाचा संपतात तिथला कोपरा गोलाईने काढला, कारण तडा तिथूनच जातो. भट्टीत तापवून तेलात विझवलं आणि पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा घालवला. गावाकडे लोहार कोयत्याला पाणी देतात तेच, फक्त इथे अंश मोजून. दहा दिवस लागले. तयार झाल्यावर त्या एक्सलवरून बोट फिरवलं की थंड, सलग, कुठे न अडणारं लागायचं. इतकी नीट वस्तू मी त्याआधी केली नव्हती.

हिशेबाच्या त्या कागदावर शेवटून दुसरी ओळ होती : 'प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस — माप घेणे'. गिअरपेटीपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब शाफ्ट म्हणजे प्रोपेलर शाफ्ट आणि त्याच्या सांध्यात अधिकच्या चिन्हाच्या आकाराचा लोखंडी तुकडा असतो, तो क्रॉस. त्याचा हिशेब करायला माप हवं होतं आणि मापासाठी पापडीला गॅरेजवर जायला हवं होतं. मी ओळ लिहिली आणि ठेवून दिली.

एक्सल न्यायला आले तेव्हा काकांनी तो दोन्ही हातांत आडवा धरला, चर्चमधून काही आणल्यासारखा. "मॅडम, हा तुटनार नाय ना?"

"हा नाही तुटणार," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी इजाबायने मला पाचूबंदरला बोलावलं. एक्सल बसवून दोन फेऱ्या झाल्या होत्या, गाडी गोणींसकट घाट गाणं म्हटल्यासारखी चढली होती. मी गेले. मासळीचा वास, खारा वारा, वलांडींखाली पडलेल्या सावल्यांची जाळी, दूर किल्ल्याच्या भिंतीवर उगवलेली झाडं. इजाबाय साठीला टेकलेली, काळीसावळी, हात इतके राबलेले की बोटं पूर्ण सरळ होत नव्हती. तिने माझा हात धरून मला वलांडींमधून फिरवलं आणि भेटेल त्याला सांगितलं, "हीच ती. हिनंच दांडा बनवला." पेद्रूने गाडी काढून दाखवली. मोठ्याने हसणारा, चाळिशीतला, केसांना भरपूर तेल लावणारा माणूस. त्याने गाडी माझ्यापासून दोन हातांवर आणून उभी केली आणि इंजिन गुरगुरवलं. सगळे हसले. मीही हसले.

मला क्रॉसची आठवण झाली नव्हती असं नाही. झाली. गाडी समोर होती. खाली वाकून बघायला एक मिनिट लागलं असतं. पण मी आईने दिलेली नवी साडी नेसले होते आणि खाली वाळूत मासळीचं पाणी होतं. सगळे कौतुकाने बघत असताना गाडीखाली शिरायचं मला जिवावर आलं. पुढच्या वेळी, असं मनात म्हटलं.

त्या वर्षांत आमच्याकडे सगळ्यालाच जास्त ओढायला लावत होते. तीन मजल्यांच्या पायावर चौथा चढत होता. दोनशे घरांसाठी टाकलेल्या नळाला हजार घरं जोडली जात होती. बैलगाड्यांसाठी बांधलेल्या मोऱ्यांवरून खडीचे ट्रक जात होते. कुठे काही फुटलं की तेवढ्यापुरतं घट्ट करायचं आणि पुढे जायचं. फुटण्याची जागा मग दुसरीकडे सरकायची. हे मला आता दिसतं. तेव्हा मीही त्यातलीच, एक जागा घट्ट करून खूश झालेली.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दुमिंगकाका पुन्हा आले. काखेत तेच गोणपाट. ते बसले नाहीत. गोणपाट माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी उलगडलं. आत माझा एक्सल होता. पुसलेला, सरळ, खाचा जशाच्या तशा.

"तुमचा एक्सल सलामत हाय, मॅडम," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. मला ते कळावं म्हणून त्यांनी तो मुद्दाम काढून आणला होता. मी बनवलेल्या वस्तूची त्यात चूक नाही, हे मला सांगायला तो माणूस पापडीहून एवढ्या उन्हात आला होता. मग ते स्टुलावर बसले आणि त्यांनी तोंडावरून हात फिरवला.

घाटातल्या वरच्या वळणावर समोरून येणाऱ्या गाडीला जागा द्यायला पेद्रू थांबला होता. गाडी भरलेली, शेजारी इजाबाय. ती गाडी गेल्यावर त्याने पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. क्लच घसरला नाही, कारण तो आता घसरणारा नव्हता. एक्सल तुटला नाही. कट् असा आवाज झाला आणि प्रोपेलर शाफ्टचा मागचा क्रॉस तुटला. सुटलेला शाफ्ट गाडीखाली इंजिनाच्या जोराने गरगर आपटत राहिला आणि त्याने शेजारून जाणारी ब्रेकची नळी कापून काढली. पायातला ब्रेक गेला. हँडब्रेक त्या गाडीला गिअरपेटीच्या मागे होता. तो चाकांना नाही, शाफ्टलाच धरायचा, आणि शाफ्टचा आता चाकांशी काही संबंध उरला नव्हता. गाडी उलटी घरंगळू लागली.

एका अंगाला दरी होती. पेद्रूने मान मागे वळवून, स्टिअरिंग फिरवून गाडी डोंगराच्या अंगाला घातली. मागचा भाग कातळावर आपटला आणि गाडी चरात कलंडली. इजाबायच्या कपाळाला चार टाके पडले. पेद्रूचा डावा पाय सवयीने त्या जड क्लचवर गच्च दाबलेला होता, तो तसाच अडकून गुडघ्यात पिळला गेला. गोणी फुटल्या आणि बोंबील रस्ताभर पसरले. मागून आलेल्या एसटीतली माणसं उतरली. ज्या एसटीला मागे टाकायचं होतं, तिच्यातूनच पेद्रूला जव्हारच्या दवाखान्यात नेलं.

काका गेल्यावर मी ड्रॉवरमधून तो कागद काढला. 'माप घेणे'. माझंच अक्षर, खाली रेघ मारलेली.

संध्याकाळी मी जुनी पुस्तकं काढून त्या जातीच्या गाडीच्या मागच्या भागाची आकृती बघत बसले. आकृती मी आधीही पाहिली होती, पण फक्त एक्सल किती बारीक आहे एवढंच तिच्यात शोधलं होतं. या वेळी पूर्ण पाहिली. गाडीचं वजन एक्सलवर नव्हतंच. ते एक्सलच्या भोवतीच्या जाड पोलादी नळीवर होतं. एक्सलचं काम फक्त फिरवण्याचं. तो तुटला तर चाक जागेवर राहतं, ब्रेक शाबूत राहतात, गाडी फक्त पुढे जायची थांबते. बाहेरून आठ बोल्ट काढून, रस्त्याच्या कडेला, दुसरा घालता येतो. ज्या कोणी ती गाडी आखली होती, त्याने तुटायचं झालं तर हे तुटू दे, असं ठरवून तो एक्सल तेवढा बारीक ठेवला होता. बाकीच्या सगळ्यांना वाचवण्यासाठी. मी त्याच्या विचारावर माझं उत्तम पोलाद घातलं होतं.

पाचूबंदरला जायला मला पाच दिवस लागले. इजाबाय कपाळाला पट्टी बांधून वलांडीवरचे बोंबील पालटत होती. काम थांबलेलं नव्हतं. ऊन थांबत नाही. मी तिच्या शेजारी उभी राहून सगळं सांगितलं. कागदावरची ओळ, न घेतलेलं माप, त्या रविवारी समोर उभी असलेली गाडी. साडीचंही सांगितलं. ते सांगितल्याशिवाय बाकीचं खरं वाटलं नसतं.

ती ऐकत हात चालवत राहिली. मग म्हणाली, "दुमिंग म्हनतो तुझी काय चूक नाय. त्यानं इचारलं हा तुटंल काय, तू सांगितलं नाय तुटनार. नाय तुटला."

"हो."

"आमाला काय इचारायचं तेच ठाव नव्हतं गो. तुला ठाव होतं."

एवढंच. आवाज चढवला नाही. खरं तर तिने मला ओरडायला हवं होतं, म्हणजे मला रडता आलं असतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "उभी कशाला? ती रांग पालट. आलीस तर."

मी ती रांग पालटली. दोन बोंबील तोंडाशी धरून उचलायचे, उलटे टाकायचे. दुपारपर्यंत बोटांना काटे लागून रक्त आलं होतं. तिने ते पाहिलं आणि मीठ-पाण्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं. त्या मोसमाचे उरलेले रविवार मी तिथे गेले. क्षमा वगैरे काही तिथे झालं नाही. गाडी नव्हती, म्हणून ती टोपल्या घेऊन एसटीने जव्हारला जायची, जेमतेम जमेल तेवढं न्यायची. उरलेला माल घरात पडला आणि पहिल्या पावसाच्या ओलीला त्यातला बराच बुरसला. ते टाकून देतानाही मी तिथे होते.

पावसाळ्यात गॅरेजला काम कमी असायचं. दुमिंगकाकांनी गाडी ओढून आणून पत्र्याखाली उभी केली होती. मी जुना पंजाबी ड्रेस घालून, बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर घेऊन गाडीखाली गेले. क्लचपासून चाकापर्यंत एकेक वस्तू मोजली. काका बॅटरी धरून बाजूला पडलेले, वर पत्र्यावर पाऊस, अंगाखाली गोणपाट. तीन शनिवार लागले. काय किती पीळ सोसेल, याची पूर्ण ओळ पहिल्यांदा कागदावर आली. क्रॉस आणि गिअरपेटीतला एक दाता, दोन्ही त्या नव्या इंजिनाच्या निम्म्या जोराचेच होते.

"म्हंजे हे पन बदलायचं, ते पन बदलायचं," काका म्हणाले.

"मग पुढे स्प्रिंगांचे पाटे, मग चासीचा सांगाडा. आणि ब्रेक तर जुन्याच वजनाचे आहेत, काका. आपण चढायचाच विचार केला. उतरायचा कोणी केलाच नाही."

त्यांनी बॅटरीचा उजेड इंजिनाकडे वळवला. "मला वाटलं व्हतं लोक बघतील," असं काहीसं पुटपुटले. त्यांना इंजिनाचा अभिमान होता आणि मला एक्सलचा. त्या पत्र्याखाली आम्हा दोघांनाही हे एकमेकांचं माहीत होतं.

निर्णय मात्र आमच्या कागदाने झाला नाही. सप्टेंबरात पेद्रू काठी टेकत गॅरेजवर आला. गुडघा अर्धाच वाकत होता. गाडी चालवू नको असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि त्याने ते ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. तो चढून बसला आणि त्याने डावा पाय क्लचवर ठेवला. पेडल खाली गेलं नाही. त्याने दोन्ही हातांनी मांडी धरून पाय दाबला. तोंड वाकडं झालं, कपाळावर घाम आला, पेडल जेमतेम चार बोटं हललं. मग तो तसाच स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. एवढा हसरा माणूस, पण त्या दिवशी त्याच्या खांद्यांकडे बघवेना.

दुमिंगकाका उठले. भिंतीकडच्या ढिगातून त्यांनी याच गाडीचा मूळ क्लच काढला, झाडला, फुंकला. "हा बसवतो," ते म्हणाले. "तुझा पाय दाबंल तेवढीच गाडी ओढंल. जास्तीची घसरंल. काय मॅडम?"

मी मनात हिशेब केला. त्या मऊ क्लचला जेवढा पीळ धरवेल तेवढाच पुढे जाणार. त्याहून जास्त आला की तो घसरणार, आणि क्रॉस, दाता, एक्सल, सगळे त्याच्या मागे सुरक्षित. तरीही मी या वेळी लगेच हो म्हटलं नाही. कागद काढला, सगळ्या मापांशी ताडून बघितलं, एकदा नव्हे दोनदा. पेद्रू आणि काका थांबून राहिले. मग हो म्हटलं. पुढे काकांनी टर्बो काढला, पंपाचा स्क्रू दोन्ही अर्धे फेरे मागे घेतला, ब्रेकची नळी शाफ्टपासून लांब, चासीच्या बाहेरून फिरवली. एक्सल कारखान्यातून निघतो तसा साधा घातला.

त्यानंतर मी नोकरीत काही सांगण्यासारखी मोठी झाले नाही. पण कोणी एखादा भाग बनवून मागितला की तो कुठे बसणार, त्याच्या आधी काय आहे, नंतर काय आहे, हे विचारल्याशिवाय पेन्सिल उचलली नाही. गिऱ्हाइकं वैतागायची. मालक एकदा म्हणाले, "बाई, त्यांनी मागितलंय तेवढं द्या." मी विचारत राहिले. लेथवरची मंडळी हळूहळू मालकांकडे बघायची थांबली. ते नक्की कधी थांबलं हे माझ्या लक्षातही आलं नाही, कारण तोवर मला त्याची पर्वा राहिली नव्हती.

दुसऱ्या वर्षीच्या आगोटीला इजाबायने निरोप पाठवला, घाटात यायचं तर ये. मी गेले. पुढे तिघे : पेद्रू, इजाबाय, मी. मागे गोणी. मनोर सोडलं, विक्रमगड सोडलं. पळस फुलून गेलेला, करवंदं पिकलेली, रस्त्यावर मोहाची पानं. घाट लागला. दुसऱ्या मोठ्या चढावर इंजिनाचा आवाज वाढला, पण वेग वाढेना. करपलेला, तिखट वास आला. क्लच घसरत होता.

पेद्रूने ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी उभी राहिली. मी खाली उतरून चाकामागे दगड लावले. कोणी घाबरलं नाही. पेद्रू म्हणाला, "अर्ध्या उतरवू." आम्ही अर्ध्या गोणी रस्त्याच्या कडेला आंब्याखाली उतरवल्या. तो उरलेल्या घेऊन वर गेला आणि आम्ही दोघी गोणींपाशी बसलो. बाजाराला पायी निघालेल्या बायका चढ चढून येत होत्या. एक थांबली, वासाने. मग दोन. इजाबायने गोणीचं तोंड सोडलं, तराजू काढला आणि तिथेच बसून विकायला लागली. बायका तिला ओळखत होत्या. एकीने कपाळावरच्या व्रणाकडे बोट दाखवून विचारलं, तिने हाताने गाडी कलंडल्याची खूण केली आणि सगळ्या तोंडावर हात ठेवून 'आई आई' करू लागल्या. मग तिने माझ्याकडे बोट केलं आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. त्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. एकीने आपल्या ओटीतली मूठभर करवंदं माझ्या हातात घातली.

पेद्रू परत आला तोवर दोन गोणी रिकाम्या झाल्या होत्या. "आता नेऊ काय वर?" त्याने गाडीतूनच विचारलं.

"हिला ने," इजाबाय म्हणाली. "मी येते नंतर. हिला ते वळन दाखव."

मी त्याच्या शेजारी बसले. वरच्या वळणाशी त्याने गाडी हळू केली, थांबवली. कातळावर मागच्या वर्षीचा निळ्या रंगाचा ओरखडा होता. खाली दरीत दुपारचं धुकट ऊन होतं. मी त्याच्या पायाकडे बघत होते. अर्धाच वाकणारा गुडघा त्याने जरा बाजूला काढला, पाऊल क्लचवर ठेवलं, पेडल खाली गेलं. पहिला गिअर पडला. मग त्याने पाय अगदी सावकाश, सावकाश वर घेतला आणि गाडी हलली.